कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या छोट्या फ्रेंच विद्यापीठात मुलीला पाठवावं का?

नाशिकच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी बारावी कॉमर्स झाली, आठवीपासून फ्रेंच घेतलंय, डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची बी2 पातळी पास आहे. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या सेंत-आन विद्यापीठात तिला बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनला प्रवेश मिळतोय. घरच्यांनी नकाशा उघडून पाहिला तर एक किनारा, एक रस्ता, एक अवाढव्य लाकडी चर्च आणि विरळ घरं. पूर्णवेळ विद्यार्थी काही शेकड्यांत. "हे विद्यापीठ खरं आहे ना? एवढ्याशा ठिकाणच्या डिग्रीला पुढे कोण विचारणार? त्यापेक्षा टोरंटोकडचं एखादं कॉलेज बरं नाही का?" असं त्यांनी विचारलंय.

मी पुण्यात फ्रेंच शिकवते. माझे विद्यार्थी फ्रान्सला जातात, कॅनडाच्या फ्रेंच भाषक क्युबेक प्रांतात जातात आणि काही या भागातही गेले आहेत. व्हिसाची कामं मी करत नाही. पण भाषेच्या परीक्षा आणि त्यांचा व्हिसाशी येणारा संबंध हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, तेवढ्यापुरतं खात्रीने बोलू शकते.

विद्यापीठ खरं आहे. 1890 पासून आहे, सरकारी अनुदानावर चालतं आणि नोव्हा स्कोशियातलं फ्रेंच माध्यमाचं ते एकमेव विद्यापीठ आहे. 2003 साली तिथलं फ्रेंच माध्यमाचं कम्युनिटी कॉलेज त्यात विलीन झालं, त्यामुळे पदवी आणि कॉलेज-डिप्लोमा दोन्ही एकाच छताखाली मिळतात. मुख्य आवार चर्च पॉइंटला, शिवाय हॅलिफॅक्ससह आणखी चार ठिकाणी छोटी केंद्रं. कॅनडा सरकार परदेशी विद्यार्थी घेऊ शकणाऱ्या संस्थांची यादी वेबसाइटवर देतं. त्यात नाव शोधायला दोन मिनिटं लागतात आणि हे काम एजंटवर न सोडता तुम्ही स्वतः करा.

पण तुमचा खरा पेच विद्यापीठाच्या आकाराचा नाही, असं मला वाटतं. मुलीला फ्रेंचमध्ये जगायचं आहे, की फ्रेंचच्या जोरावर कॅनडाला पोहोचायचं आहे? दोन्ही हेतू प्रामाणिक आहेत. मात्र पहिला असेल तर हे ठिकाण तिच्यासाठी उत्तम आहे, आणि फक्त दुसरा असेल तर पहिल्याच हिवाळ्यात ती कंटाळून जाईल. हे वडिलांनी ठरवायचं नाही, तिच्याशी बोलूनच कळेल. तुम्ही लिहिलेल्या प्रश्नात तिचं स्वतःचं मत कुठे दिसलं नाही, म्हणून आधी हे सांगितलं.

आता ते ठिकाण असं का आहे ते सांगते, कारण त्याशिवाय विद्यापीठ समजत नाही. सतराव्या शतकात फ्रान्समधून आलेली शेतकरी कुटुंबं फंडीच्या आखाताभोवती वसली. या प्रदेशाचं नाव अकादी, आणि लोक अकाडियन. त्यांनी समुद्राच्या भरतीखाली जाणारी खारी जमीन बांध घालून शेतीखाली आणली. बांधात लाकडी झडप असायची. भरतीला ती आपोआप बंद व्हायची आणि ओहोटीला आतलं गोडं पाणी बाहेर सोडायची. आपल्याकडे गोव्यात खाजणाच्या बांधाला जी मानस असते, तेच तंत्र. ग्राँ-प्रे इथली ही बांधशेती 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे.

1755 साली ब्रिटिशांनी या लोकांना बिनशर्त राजनिष्ठेची शपथ घ्यायला सांगितली. त्यांनी ती घेतली नाही, तेव्हा गावंच्या गावं जहाजांत भरून अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींत नेऊन सोडली. पुढच्या काही वर्षांत मिळून दहा हजारांहून जास्त माणसं अशी देशोधडीला लागली, घरं जाळली गेली, जमिनी दुसऱ्यांना दिल्या गेल्या. नंतर परतायची मुभा मिळाली, पण जुनी सुपीक शेतं परत मिळाली नाहीत. 1768 पासून काही कुटुंबं सेंत-मारी उपसागराच्या खडकाळ किनाऱ्यावर येऊन राहिली. शेती फारशी होण्यासारखी नव्हती, म्हणून मासेमारी आणि लाकूडतोड. पहिल्या हिवाळ्यांत मोठाल्या शिंपल्यांवर त्यांचा निभाव लागला. तिथल्या एका गावाचं नावच ग्रोस कोक, म्हणजे मोठे शिंपले, असं आहे. तुम्हाला नकाशावर किनाऱ्याला समांतर एकच रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना घरं दिसली ती यामुळे. प्रत्येकाला समुद्राला लागून जमीन हवी होती, म्हणून गावाला मध्य असा राहिलाच नाही. एक गाव कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, हे फक्त पाट्यांवरून कळतं. या सगळ्या पट्ट्याला क्लेअर म्हणतात.

1799 साली फ्रान्समधून सिगोन्य नावाचे धर्मगुरू इथे आले आणि 1844 मध्ये मरेपर्यंत इथेच राहिले. चर्चं बांधली, मुलांना शिकवलं, भांडणतंटे सोडवले. त्यांच्या स्मरणार्थ 1890 मध्ये यूदिस्त या कॅथलिक पंथाच्या पाद्र्यांनी हे कॉलेज काढलं. आवाराशेजारचं सेंत-मारी चर्च 1903 ते 1905 मध्ये गावकऱ्यांनी श्रमदानाने उभारलं, आणि उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या लाकडी चर्चांत ते गणलं जातं. मनोरा साधारण 56 मीटर उंच. समुद्राचा वारा इतका जोरदार की मनोरा हलू नये म्हणून त्यात कित्येक टन दगड भरलेले आहेत. हे वाऱ्याचं प्रकरण लक्षात ठेवा, थंडीच्या कपड्यांची यादी करताना उपयोगी पडेल.

एवढं सांगायचं कारण असं, की हे विद्यापीठ मोठं होण्यासाठी काढलेलं नाही. इंग्रजी प्रांतात मूठभर लोकांची भाषा टिकावी म्हणून ते आहे आणि त्याच कामासाठी सरकार त्याला पैसे देतं. त्यामुळे तिथे कोणते विषय भक्कम आहेत, हेही त्यावरूनच ठरतं.

सगळ्यात भक्कम आहे ते शिक्षणशास्त्र, म्हणजे बी.एड. नोव्हा स्कोशियात फ्रेंच शाळांसाठी लोकांना कोर्टात जावं लागलं. 2003 साली कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने फ्रेंच माध्यमिक शाळांबद्दलचा जो प्रसिद्ध निकाल दिला, त्यात क्लेअरचा भागही होता. 1996 पासून प्रांतात स्वतंत्र अकाडियन शाळामंडळ आहे. या शाळांना शिक्षक लागतात, आणि इंग्रजी शाळांमधल्या फ्रेंच इमर्शन वर्गांनाही, म्हणजे इतर विषयही फ्रेंचमधून शिकवणाऱ्या वर्गांनाही, लागतात. फ्रेंचमधून शिकवू शकणाऱ्या शिक्षकांचा तुटवडा कॅनडाभर आहे. एखाद्या मुलीला शिकवण्याची खरी आवड असेल, तर फ्रेंचमधून बी.ए. आणि त्यापुढे बी.एड. हा रस्ता मी डोळे झाकून सुचवीन.

बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनबद्दल मी तेवढ्या ठामपणे बोलणार नाही. कोर्स चांगला आहे, वर्ग लहान असल्यामुळे प्राध्यापक नावानिशी ओळखतात, आणि दोन भाषांत काम करणारा कॉमर्स पदवीधर कॅनडाच्या सरकारी कार्यालयांत, बँकांत, विमा कंपन्यांत उपयोगी ठरतो. पण मोठ्या फायनान्स कंपन्या भरतीसाठी चर्च पॉइंटला येतील अशी अपेक्षा ठेवू नका. तिला गुंतवणूक, ऑडिट, कन्सल्टिंग यांतच जायचं असेल तर शहरातलं विद्यापीठ बघा. फ्रेंच सोडायची नसेल तर शेजारच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात माँक्तों विद्यापीठ आहे. तेही अकाडियन, पण बरंच मोठं, आणि शहरात. ओटावा विद्यापीठ दोन्ही भाषांत शिकवतं. टोरंटोकडच्या कॉलेजचं म्हणाल, तर तिथल्या इंग्रजी डिप्लोमासाठी तिची इतक्या वर्षांची फ्रेंच काहीच कामाला येणार नाही, आणि मला ते खरंच वाईट वाटेल.

आता भाषेचं. माझ्या मते निर्णयाचा निम्मा भाग इथे आहे, आणि पालक इथेच सर्वांत कमी लक्ष देतात. डेल्फ बी2 पास म्हणजे 100 पैकी 50, आणि चार भागांत प्रत्येकी 25 पैकी किमान 5. म्हणजे वाचन आणि लेखनात 18-18 मिळवून, ऐकण्यात 7 मिळवणारा विद्यार्थीसुद्धा आरामात पास होतो. आपल्या मुलांचं नेमकं असंच असतं. शाळेत आणि ज्युनिअर कॉलेजात फ्रेंच हा स्कोअरिंगचा विषय म्हणून घेतात, व्याकरण पाठ असतं, निबंध सुरेख लिहितात. पण समोरचा भरभर बोलू लागला की गोंधळतात. तेव्हा मुलीची गुणपत्रिका काढा आणि फक्त ऐकण्याचे मार्क बघा. 18 च्या पुढे असतील तर मला काळजी नाही. 12 च्या खाली असतील तर फ्रेंचमधून अकाउंटिंगचं लेक्चर ऐकून नोट्स काढणं तिला पहिलं वर्षभर फार जड जाईल.

शिवाय क्लेअरची बोली वेगळी आहे. वर्गात प्राध्यापक प्रमाण फ्रेंचच बोलतात, पण दुकानात, मासळीच्या धक्क्यावर ऐकू येते ती अकाजोन. ती फ्रान्सच्या पश्चिम भागातून सतराव्या शतकात आलेल्या लोकांची भाषा, पुढे एकीकडे पडल्यामुळे जपली गेलेली, आणि वर भरपूर इंग्रजी शब्द मिसळलेले. आपण "आम्ही बोलतो" साठी "नू पार्लों" शिकवतो, तिथले लोक "झ पार्लों" म्हणतात. नकारासाठी "पा" च्या जागी "प्वँ" ऐकू येतं. माझी एक विद्यार्थिनी उन्हाळी कोर्सला गेली होती. तिचा पहिल्या आठवड्यात मेसेज आला, की वर्गातलं सगळं कळतं पण किराणा दुकानातल्या आजी काय विचारतात तेच कळत नाही. त्या आजी पिशवी हवी का एवढंच विचारत होत्या. तिसऱ्या आठवड्यापर्यंत ती त्यांच्याकडून रापूर कशी करतात ते शिकून आली. बटाटे किसून, पिळून सगळं पाणी काढायचं, मग तेवढाच उकळता रस्सा त्यात परत घालायचा, मध्ये कोंबडी किंवा शिंपल्यांचा थर देऊन तासन्‌तास भाजायचं. अशा गप्पांतून जी फ्रेंच येते, ती माझ्या वर्गात कितीही प्रयत्न केले तरी मी देऊ शकत नाही.

क्लेअरला सीआयएफए नावाचं सामुदायिक रेडिओ स्टेशन आहे, ते इंटरनेटवर ऐकता येतं. मुलीला दोन आठवडे रोज अर्धा तास ऐकू द्या. सुरुवातीला अवघड वाटणारच. दोन आठवड्यांनी तिला मजा यायला लागली असेल, तर तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळालं. वैतागून बंद केलं असेल, तर तेही उत्तरच आहे.

या विद्यापीठाचं नाव कॅनडाभर माहीत आहे ते मात्र त्याच्या इमर्शन कोर्समुळे. वसंतात आणि उन्हाळ्यात पाच आठवड्यांची सत्रं असतात. आल्यावर प्रतिज्ञेवर सही करायची, की पाचही आठवडे फक्त फ्रेंच बोलेन. वसतिगृहात, जेवणाच्या रांगेत, खेळाच्या मैदानावर, सगळीकडे. नियम मोडत राहिलं तर घरी पाठवतात. इंग्रजी भाषक कॅनेडियन मुलं यासाठी दुरून येतात, त्यांना सरकारी अनुदान मिळतं. ते अनुदान आपल्या मुलांना नाही, हे आधीच सांगते. पण सहा महिन्यांपेक्षा कमी कोर्सला स्टडी परमिट लागत नाही, व्हिजिटर व्हिसावर जाता येतं. पैशाची सोय असेल आणि मुलगी एक वर्ष थांबायला तयार असेल, तर चार वर्षांचा निर्णय घेण्याआधी हे पाच आठवडे करून बघणं फार शहाणपणाचं. प्रत्येकाला ते परवडेल असं नाही, हेही मला कळतं.

रोजच्या जगण्याबद्दल. हॅलिफॅक्सचा विमानतळ तीन-साडेतीन तासांवर. डिग्बी आणि यार्मथ ही जवळची गावं, तीही मोठी नाहीत. शहरातल्यासारखी बससेवा नाही. स्थानिक वाहतूक सेवेला आधी फोन करून गाडी सांगावी लागते. ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्याशी मैत्री होतेच, आणि तिथले लोक न मागताही सोडायला येतात, असा माझ्या विद्यार्थ्यांचा अनुभव आहे. नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी लॉबस्टरचा हंगाम सुरू होतो. त्या दिवशी पहाटे सगळा किनारा बोटींना निरोप द्यायला धक्क्यावर असतो, आणि मे अखेरपर्यंत गावाचं वेळापत्रक त्या बोटींवर चालतं. तुमची लेक पूर्ण शाकाहारी असेल तर तिला स्वयंपाक आलाच पाहिजे. डाळी-मसाले हॅलिफॅक्सहून आणावे लागतील. दिवाळीला घरगुती फराळ करणारी मराठी मंडळी शेजारी असणार नाहीत. सोबतीला असतील ते आफ्रिकेतल्या फ्रेंच भाषक देशांतून आलेले विद्यार्थी, आणि माझ्या मते ती खूप चांगली सोबत आहे.

एकटेपणाची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. लहान ठिकाणी कोणी हरवत नाही, प्राध्यापकांना लगेच कळतं की ही दोन दिवस दिसली नाही. पण जी मुलगी मॉल, सिनेमा, गर्दी यांतच फुलते, तिला डिसेंबरातली चार-साडेचारची संध्याकाळ आणि धुकं जड जाईल. तिला विचारताना "जमेल ना?" असं विचारू नका, मुलं हो म्हणतात. "शनिवारी तिथे काय करशील?" असं विचारा.

व्हिसा आणि पैशाबद्दल नेमकं तेवढंच. नियम वरचेवर बदलतात, म्हणून अर्ज करताना सरकारी वेबसाइट परत बघा. 2024 पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रांताचं अ‍ॅटेस्टेशन लेटर, म्हणजे प्रांताने दिलेलं संमतीचं पत्र, लागतं, ते विद्यापीठामार्फत येतं. त्याशिवाय नुसत्या ऑफर लेटरवर अर्ज करू नका. भारतीयांसाठी असलेली जलद एसडीएस योजना नोव्हेंबर 2024 मध्ये बंद झाली. फी आणि प्रवास सोडून राहण्याखाण्यासाठी एका वर्षाचे 22,895 कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, हा आकडा सप्टेंबर 2025 पासूनचा. सत्र चालू असताना आवाराबाहेर आठवड्याला 24 तास काम करायला परवानगी आहे, पण गावात तेवढं काम मिळेलच असं धरून हिशेब करू नका.

पदवीनंतरच्या वर्क परमिटसाठी भाषेची अट आहे: पदवीधराला इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवर लेव्हल 7. कॉलेज-डिप्लोमाला लेव्हल 5 पुरते, पण तिथे विषयांची यादी आहे आणि त्या यादीत नसलेल्या विषयाला परमिट मिळत नाही. सेंत-आनमध्ये दोन्ही प्रकारचे कोर्स आहेत, तेव्हा ऑफर लेटरवर "बाकालोरेआ" म्हणजे पदवी लिहिलंय की डिप्लोमा, हे नीट वाचा. आणि हो, या कामासाठी डेल्फ चालत नाही. डेल्फ आयुष्यभर ग्राह्य असलं तरी कॅनडाचं इमिग्रेशन फ्रेंचसाठी फक्त टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा या परीक्षा मानतं, त्यांची मुदत दोन वर्षं. म्हणून टेफ आत्ता घाईने देऊन पैसे घालवू नका, डिग्री संपत येईल तेव्हा द्या.

फ्रेंचचा कायमच्या वास्तव्यासाठी फायदा होतो, हे खरं आहे. 2023 पासून एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी गुणांवर निवड करणाऱ्या सरकारी योजनेत, फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या निघतात आणि त्यांचा कटऑफ इतरांपेक्षा बराच खाली लागतो. मात्र चारही कौशल्यांत लेव्हल 7 हवी, म्हणजे ढोबळमानाने खरंखुरं बी2. ऐकण्यात 7 मार्कांवालं नव्हे. त्याशिवाय कामाचा अनुभवही लागतो. आणखी एक गोष्ट: क्युबेकबाहेरच्या फ्रेंच संस्थांत शिकणाऱ्यांसाठी ऑगस्ट 2024 मध्ये एक खास विद्यार्थी योजना सुरू झाली, त्यात पुढे वास्तव्याचा थेट मार्ग आहे. काही एजंट तिचं नाव घेऊन पालकांना भुलवतात. ती ठरावीक देशांच्या नागरिकांसाठी आहे, प्रामुख्याने फ्रेंच भाषक आफ्रिकी आणि इतर देशांसाठी, आणि भारत त्या यादीत नाही.

डिपॉझिट भरण्याआधी विद्यापीठाला मुलीने स्वतः, फ्रेंचमध्ये, ईमेल लिहावा. विचारायचं ते हे: कोर्सची सगळी वर्षं चर्च पॉइंटला होतील की काही भाग दुसऱ्या केंद्रावर? को-ऑप म्हणजे पगारी कामाचं सत्र परदेशी विद्यार्थ्यांना मिळतं का, आणि गेल्या वर्षी ती कामं कुठे मिळाली? नाताळात आणि उन्हाळ्यात वसतिगृह उघडं असतं का? पहिल्या वर्षी फ्रेंचचं लेखन तपासून द्यायला कोणी असतं का? दोन वर्षांनी बिझनेसवरून शिक्षणाकडे वळायचं झालं तर किती क्रेडिट धरले जातील? छोट्या विद्यापीठाचा फायदा असा, की या ईमेलला बहुतेक वेळा प्रवेश विभागातलं एखादं माणूस स्वतःच्या नावाने उत्तर देतं. आलेलं उत्तर तिने तुम्हाला मराठीत समजावून सांगू दे, आणि तिला ते सहज जमतंय का तेही बघा.